पिन बसेना, गन परतेना : बेळगावातील एका सोफा कारखान्याचे प्रकरण

बेळगावात जुलै-ऑगस्ट म्हणजे दोन गोष्टी एकदम येतात. पश्चिमेकडे कणकुंबी-जांबोटीच्या बाजूने पाऊस लागून राहतो, आणि गणपतीच्या आधी सोफे नवे करून हवे असणाऱ्यांची रांग लागते. कुशनकाम करणाऱ्या कारखान्यांत हवेवर चालणाऱ्या पिन-गनवर सगळ्यात जास्त ताण येतो तो याच दिवसांत, आणि ती बिघडते तीही याच दिवसांत. इथे मांडलेले प्रकरण शहराच्या कडेला असलेल्या अशाच एका छोट्या कारखान्यातले आहे. तीन कारागीर, दोन गन, दोन अश्वशक्तीचा एक कॉम्प्रेसर. त्याच कॉम्प्रेसरवर फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा स्प्रेही चाले.

दोन्ही गन ८०१६ प्रकारच्या, म्हणजे ८० मालिकेच्या पिना घेणाऱ्या आणि जास्तीत जास्त १६ मिलीमीटर पायाची पिन चालवणाऱ्या. ८० मालिकेच्या पिनेची पाठ, म्हणजे दोन पायांना जोडणारा वरचा आडवा भाग, बाहेरून साधारण १२.९ मिलीमीटर असते. तार चपटी, ०.९५ मिलीमीटर रुंद आणि ०.६५ मिलीमीटर जाड. पट्टीत पिना रुंदीने एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणून दहा सेंटिमीटर पट्टीत सुमारे १०५ पिना भरतात. डब्यावरचा आकडा वाचायला सोपा आहे : ८०१० म्हणजे १० मिलीमीटर पाय, ८०१४ म्हणजे १४. दुकानात १०१३ जे या नावाच्या पिनाही मिळतात आणि लांबून सारख्याच दिसतात. पण त्यांची पाठ ११.२ मिलीमीटरची असल्याने पट्टी ज्यावर सरकते त्या या गनच्या रुळावर त्या बसतच नाहीत. घाईत त्याच आणल्या की फेरी फुकट जाते.

तक्रार अशी होती. सुरुवातीला अधूनमधून एखादी पिन लाकडावर उभी राहायची, नीट टेकायची नाही. मग रिकामे ठोके पडू लागले, गनचा आवाज व्हायचा पण पिन बाहेर यायची नाही. शेवटी पिना गनच्या नाकात, म्हणजे पिन जिथून सुटते त्या तोंडात, अडकू लागल्या, एकीच्या पाठीवर दुसरी, आणि दर वेळी पक्कड घेऊन बसावे लागे. एका कारागिराने दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरची चावी फिरवून दाब ५.५ बारवरून ७ वर नेला, मग त्याच्याही पुढे. ‘‘प्रेशर वाढवलं की चालतंय की हो, मामा,’’ हे त्याचे म्हणणे दोन दिवस खरेही ठरले. तिसऱ्या दिवशी एका गनची पिन ठोकणारी पत्ती नाकाबाहेर येऊन रेक्झिनला चिरा पाडू लागली.

दाब वाढवल्यावर दोन दिवस गन का चालली, या प्रश्नाच्या उत्तरातच सगळे प्रकरण उलगडते. त्यासाठी गनचे पोट आधी समजून घ्यायला हवे.

मुठीच्या पोकळीत दाबाखालची हवा भरलेली असते. घोडा दाबला की व्हॉल्व्ह उघडतो, हवा पिस्टनच्या डोक्यावर येते आणि पिस्टन खाली आपटतो. पिस्टनला जोडलेली पोलादी पत्ती, म्हणजे ड्रायव्हर ब्लेड, नाकाच्या फटीतून उतरते, पट्टीतली पुढची एक पिन तोडून वेगळी करते आणि लाकडात घालते. पिस्टन ज्या रबरी गादीवर थांबतो तो बंपर. खाली जाताना पिस्टनच्या पाठीशी कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब असतो. परत येताना तसे नसते. खाली जाण्याच्या त्या क्षणात थोडी हवा सिलिंडरच्या खालच्या बाजूला साठते. घोडा सोडल्यावर वरची हवा सुटते आणि ती साठलेली हवाच पिस्टनला वर ढकलते. म्हणजे जाताना बैलजोडी, येताना एकटे वासरू. घर्षण वाढले तर आधी परतीचा प्रवास बिघडतो, ठोक्याचा जोर नंतर.

परतीचा हा प्रवास अपुरा राहिला की पिनांचा पुरवठा बंद पडतो. मॅगझिनमधली, म्हणजे पिनांची पट्टी भरतात त्या भागातली, स्प्रिंग पुशरला आणि पुशर पट्टीला सतत पुढे रेटत असतो. पण पत्तीचे टोक पट्टीच्या वर पूर्ण चढले तरच पुढची पिन फटीत सरकू शकते. पत्ती वाटेत लोंबकळत राहिली तर पिन बाहेरच थांबते आणि रिकामा ठोका पडतो. पत्ती उशिरा, अर्धवट चढली तर पिन अर्धीच आत येते, वरून पत्ती तिच्या कडेवर आदळते आणि ती वाकून फटीत बसते. पुढच्या ठोक्याला तिच्यावर दुसरी. या कारखान्यात नेमके हेच चालले होते.

मग दाब वाढवल्यावर फरक का पडला? कारण मुख्य दाब वाढला की खाली साठणारी परतीची हवाही थोड्या जास्त दाबाची होते. वासराला जरा बळ आले. पण त्याच वेळी खाली जाणारा पिस्टन बंपरवर कितीतरी जोराने आपटू लागला. बंपरला चीर गेली, पिस्टन दोनेक मिलीमीटर जास्त खाली उतरू लागला आणि पत्ती नाकाबाहेर डोकावू लागली. दोष जिथल्या तिथे राहिला आणि वर एक नवा दोष विकत घेतला गेला. गनवर कमाल दाब बहुधा ७ बार किंवा १०० पीएसआय असा छापलेला असतो. तो आकडा ओलांडायचा नसतो हे तर झालेच, पण रोजच्या कामाला त्याच्या जवळ जायचीही गरज पडत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी दोन्ही गनची हवा काढली. हे वाक्य साधे वाटते, पण या छोट्या गनांपैकी पुष्कळांना नाकावर सुरक्षा-टेकू नसतो. नाक कशाला टेकलेले असो वा नसो, घोडा दाबला की पिन सुटते. अडकलेली पिन काढताना नळी जोडलेली ठेवणे म्हणजे बोटात पिन घालून घेणेच. नळीचे कपलिंग आधी निघाले पाहिजे, नंतर पक्कड हातात. कारखान्यात एक कारागीर बैलहोंगलच्या बाजूचा, कन्नड बोलणारा. म्हणून पुढे भिंतीवर जी पाटी लागली तिच्यावर पहिली ओळ दोन भाषांत आहे : ‘आधी हवा काढा’ आणि खाली ‘मोदलु गाळी बंद माडु’.

अडकलेल्या पिना टाकून न देता एका झाकणात गोळा केल्या. वाकलेली पिन पुष्कळ सांगते. दोन्ही पाय पाठीखाली आत वळलेले असतील तर लाकूड कठीण आहे किंवा पाय गरजेपेक्षा लांब आहे. एकच पाय मुडपला असेल तर पत्तीचा एक कोपरा झिजला आहे, किंवा गन तिरकी धरली जाते. पाठ मधोमध दबलेली असेल तर पत्तीचे टोक गोल झाले आहे. इथे झाकणातल्या बहुतेक पिना चौथ्याच तऱ्हेच्या होत्या. पाठीच्या वरच्या कडेवर तिरका घाव, पाय सरळ. हा घाव अर्धवट आत आलेल्या पिनेवर पत्ती पडल्याचा. म्हणजे संशय पुरवठ्यावर आणि परतीवर गेला.

पुशरची स्प्रिंग तपासायला एक सोपी खूण आहे. मॅगझिन भरलेले असताना गन ठीक चालते आणि शेवटच्या दहा-पंधरा पिनांना चुकते, तर स्प्रिंग थकली आहे, कारण त्या टोकाला ती सगळ्यात सैल असते. उलट भरलेल्या मॅगझिनलाच चुकत असेल तर रुळावर काही तरी धरते आहे. इथे भरलेल्या मॅगझिनलाच जास्त चुका होत होत्या. मागचा खटका दाबून मॅगझिन मागे ओढले आणि रुळावर बोट फिरवले, तर बोट चिकटले. पिवळसर, धाग्यांसारखा ताणला जाणारा थर. फोम चिकटवायचे रबर सोल्यूशन.

ते तिथे आले कुठून? उन्हाळ्यात स्प्रेचे काम मागच्या दाराशी, उघड्यावर होते. पाऊस लागल्यावर दार-खिडक्या बंद झाल्या आणि स्प्रे आत आला. उडणारे बारीक तंतू हवेत तरंगत टेबलावर ठेवलेल्या गनवर बसू लागले. चिकट झालेल्या रुळावर पट्टी अडू लागली, तेव्हा कारागिरांनी हाताशी जे होते त्याने गन धुतली : सोल्यूशनचा थिनर. रूळ स्वच्छ झाला. पण धुताना थिनर नाकातून वर, सिलिंडरमध्येही गेला, आणि पिस्टनची ओ-रिंग, म्हणजे त्याच्या भोवतीचे हवा अडवणारे रबरी कडे, त्यात भिजली.

या गनांच्या ओ-रिंग साधारणपणे नायट्राइल रबराच्या असतात. तेलाला त्या उत्तम टिकतात, पण टोल्यूइनसारख्या द्रावकात फुगतात. गनचे वरचे झाकण चार ॲलन बोल्ट सोडून काढले, पिस्टन बाहेर घेतला आणि त्याची ओ-रिंग दुरुस्ती-संचातल्या नव्या ओ-रिंगशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवली. जुनी रिंग नवीच्या भोवती सैल पडत होती, तिची जाडी उघड्या डोळ्यांना जास्त दिसत होती, आणि नख दाबले तर खूण उमटून राहत होती. अशी फुगलेली रिंग सिलिंडरच्या भिंतीला ब्रेकसारखी धरून बसते. खाली जाताना ५.५ बार तिला ओढून नेतात. परतीची हवा नेऊ शकत नाही.

एक खूण कारागिरांनीच सांगितली होती, पण तिचा अर्थ कोणी लावला नव्हता. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी गन तासभर बरी चाले. सुट्टीच्या दिवसभरात थिनर उडून जाई, रिंग थोडी आकसे, गन सुधारल्यासारखी वाटे. मग पुन्हा चिकटे, पुन्हा धुतली जाई. थिनर उडाल्यावर रिंग पूर्वीसारखी होत नाही हेही लक्षात घ्यावे. रबरातले मऊपणा देणारे घटक द्रावकाबरोबर निघून जातात आणि काही आठवड्यांनी तीच रिंग कडक होऊन हवा सोडू लागते.

ओ-रिंगवर थांबता आले असते, पण मग पावसाळाभर हेच चालले असते, कारण नळीतून पाणी येत होते. कपलिंग काढून नळीचे तोंड कोऱ्या कागदावर क्षणभर सोडले, तर कागदावर पाण्याचे थेंब आणि तांबूस ठिपके उमटले. हे पाणी काही गळतीचे नाही. २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे १९ ते २० ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ७ बारपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली की तिच्यात जेमतेम पावणेतीन ग्रॅम मावते. उरलेले सुमारे १७ ग्रॅम टाकीत किंवा नळीत पाणी होऊन बसते. नुसत्या पिना मारायला हवा फार लागत नाही, पण स्प्रे चालला की दिवसाला दहा घनमीटर हवा सहज जाते. म्हणजे दिवसाला १७० मिलीलीटर, जवळजवळ पेलाभर पाणी. टाकीचा खालचा कॉक कधी उघडला होता ते कोणाला आठवत नव्हते. उघडल्यावर आधी गंजाचा चहा आला, मग नुसते पाणी, आणि बराच वेळ.

पाणी गनमध्ये गेले की आधी तेलाचा थर धुतला जातो, मग सिलिंडर आणि पत्ती कोरडी घासू लागते. शिवाय टाकीत पाणी भरले तेवढी हवेची जागा कमी होते, त्यामुळे दाब पटकन घसरतो. तेही मोजून पाहिले. गनच्या अगदी मागे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून छोटे प्रेशर गेज लावले. टाकीवरचे गेज ७ दाखवत होते. शेजारी स्प्रे सुरू झाला की गनजवळचा काटा ४ च्या थोडा वर उतरे. पंधरा मीटर लांब, ६ मिलीमीटर पोकळीची नळी आणि दोघांना मिळून एकच वाट, म्हणून असे होई. टाकीवरचे गेज टाकीचे असते, गनचे नव्हे, ही गोष्ट दाबाची चावी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी.

दुरुस्तीला दीड दिवस गेला. पहिल्या गनला नवी पिस्टन ओ-रिंग, नवा बंपर आणि झाकणाची रिंग घातली. सिलिंडर आतून फक्त कोरड्या सुती फडक्याने पुसला, मग न्यूमॅटिक हत्यारांच्या हलक्या तेलाचा, म्हणजे ३२ ग्रेडच्या पातळ तेलाचा, बोटाने हात फिरवला. रिंगही त्याच तेलात ओली करून बसवली. कोरडी रिंग सिलिंडरच्या कडेवर कापली जाते आणि कापलेली दिसत नाही. झाकण लावण्याआधी पिस्टन अंगठ्याने दाबून पाहिला, तो एकसारखा सरकला. बंपरवर टेकल्यावर पत्तीचे टोक नाकाच्या तोंडाशी सपाट, फार तर केसभर बाहेर आले. हे माप महत्त्वाचे. टोक आत राहिले तर पिन उभी राहणार, बाहेर आले तर कापड चिरणार. चारही बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने, समोरासमोर आवळले. पत्तीचे टोक किंचित गोल झाले होते, ते तेलाच्या दगडावर उभे धरून सपाट केले. ग्राइंडरवर नाही, कारण तापून तिचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरते आणि दोन दिवसांत टोक पुन्हा दबते.

मॅगझिनचा रूळ आणि पुशर काढून, गनपासून लांब, थिनरने ओल्या फडक्याने पुसला. थिनर एवढ्यापुरताच. नाकाच्या वर त्याचा थेंबही जाऊ नये. गंज काढायचे फवारेही गनच्या आत नकोत, त्यांच्यातही द्रावक असते आणि ते असलेले तेल धुऊन काढतात.

हवेच्या वाटेत मोठा बदल झाला. टाकीपासून दोन फाटे केले, प्रत्येकाला स्वतंत्र रेग्युलेटर. फाटे पाइपाच्या वरच्या अंगाने काढले, म्हणजे तळाशी वाहणारे पाणी त्यांच्यात शिरत नाही, आणि पाइपाच्या शेवटी पाणी सोडायचा कॉक ठेवला. गनच्या फाट्यावर फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा लुब्रिकेटर. स्प्रेच्या फाट्यावर फक्त फिल्टर आणि रेग्युलेटर. तिथे लुब्रिकेटर चुकूनही नको, कारण हवेतून गेलेले तेल सोल्यूशनमध्ये मिसळते आणि फोम धरत नाही. एकच लुब्रिकेटर दोन्हींच्या आधी बसवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते आणि मग सोल्यूशन विकणाऱ्याला बोल लागतो. गनला नळी ८ मिलीमीटर पोकळीची दिली. गनजवळचा दाब ५.५ बारवर ठेवला. स्प्रे चालू असतानाही तो ५ च्या खाली गेला नाही.

आता पिनेची लांबी. इथे सगळीकडे १६ मिलीमीटरच वापरत, लांब पिन म्हणजे घट्ट काम या समजुतीने. सांगाडे खानापूर तालुक्यातल्या सुतारांकडून येत. काही जंगली लाकडाचे, काही ऐनाचे, ज्याला इकडे मत्तीही म्हणतात. ऐन कठीण. बारीक तारेचा पाय जितका लांब मोकळा, तितका तो लवकर मुडपतो. मोकळी लांबी दुप्पट झाली तर तो चौथा हिस्साच जोर सोसतो. कठीण लाकडावर ठोक्यासरशी गन थोडी उचलली जाते, नाक लाकडापासून सुटते आणि तेवढा पाय आधाराशिवाय उरतो. म्हणून ऐनावर रेक्झिन लावायला १० मिलीमीटरची पिन ठरवली आणि दुसऱ्या हाताने गनच्या डोक्यावर दाब ठेवायला सांगितले. इलॅस्टिक पट्टा दुमडून ठोकायला मात्र १४ ठेवली, कारण तिथे पट्ट्याच्या थरांतच तीन-चार मिलीमीटर जातात आणि ओढ सतत असते. कापडाचे थर वजा जाता लाकडात सहा ते आठ मिलीमीटर पाय उतरला पाहिजे, हा हिशेब कुशनकामाला पुरतो. पट्ट्याच्या पिना लाकडाच्या धाग्याच्या रेषेत सरळ न मारता थोड्या तिरक्या माराव्यात. दोन्ही पाय एकाच धाग्यात गेले तर लाकूड त्या रेषेत फाटते.

पिनांचे डबे जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेले होते. तळाच्या डब्यातल्या पट्ट्यांना ओल लागून कडा तांबूस झाल्या होत्या आणि पट्ट्या उचलताच तुकडे पडत होते. पाच-सहा पिनांचा तुटका तुकडा मॅगझिनमध्ये तिरका होतो आणि नाकाशी आडवा येतो. असे तुकडे भरू नयेत, ते फेकण्यात काटकसर मोडत नाही. डबे आता लाकडी फळीवर, झाकणाच्या प्लास्टिक बरणीत असतात. गंजलेली पिन हातात शिरली तर जखम धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करायची, हेही पाटीवर आहे.

पाटीवरची बाकीची कामे थोडी आहेत. सकाळी आणि दुपारी जेवणानंतर लुब्रिकेटरची वाटी पाहायची. लुब्रिकेटर नसलेल्या ठिकाणी गन नेली तर कपलिंगच्या तोंडात तेलाचे दोन-तीन थेंब घालायचे. संध्याकाळी टाकीतला दाब दीड-दोन बारवर आला की खालचा कॉक उघडून कोरडी हवा येईपर्यंत सोडायचा. पावसाळ्यात दुपारीही एकदा. स्प्रे चालू असताना गन टेबलावर नाही, झाकणाच्या पेटीत. आणि स्प्रे पुन्हा मागच्या दाराशी गेला आहे, वर पत्र्याची पडवी काढून. सगळ्या बदलांत हाच मुळाशी जाणारा होता. बंद खोलीत थिनरची वाफ आणि कॉम्प्रेसरच्या मोटरची ठिणगी एकत्र असणे, हा धोका पिना अडकण्याहून फार मोठा होता.

पहिली गन त्यानंतर ५.५ बारवर पूर्ण पट्टी न अडकता चालवते. कोपऱ्यांवर मात्र पिना अजून उभ्या राहत होत्या. तिथे रेक्झिनचे चार-पाच थर एकमेकांवर येत होते आणि १० मिलीमीटरच्या पायाला लाकूडच कमी मिळत होते. त्याला गन काही करू शकत नाही. आतल्या घड्या कात्रीने कापून दोन थरांवर आणल्या आणि पिना टेकल्या.

दुसऱ्या गनची ओ-रिंग बदलली, परत येणे सुधारले, तरी ती अधूनमधून दोन पिना एकदम धरते. तिच्या नाकाची पाटी पत्तीच्या मार्गावर घासून खोलगट झाली आहे. प्रकाशासमोर धरली की एका बाजूची फट जास्त रुंद दिसते. जिथे एकाच पिनेला जागा असावी तिथे दुसरीची कड आत येते. हे भरून निघत नाही, पाटीच बदलावी लागते. कोल्हापूरहून ती येईपर्यंत त्या गनला प्लायवूडच्या पाठीवर काळे कापड मारायचे हलके काम दिले आहे, ८ मिलीमीटर पिना आणि ४.५ बार.